धीराचा उपदेश करणाऱ्या पदाधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
खानदेशातील शिक्षणसंस्था, सहकारी पतसंस्था, वाचनालये आणि सार्वजनिक न्यास यांचे सन्माननीय अध्यक्ष, चेअरमन, सचिव व संचालक,
जिल्हे जळगाव, धुळे व नंदुरबार

विषय : तरुण पिढीच्या उतावीळपणाविषयी आपण वारंवार करीत असलेली तक्रार

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

दरवर्षी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आपल्या तिन्ही जिल्ह्यांत स्नेहसंमेलने, गुणगौरव सोहळे आणि वर्धापनदिन यांचा हंगाम असतो, आणि बहुतेक व्यासपीठांवरून, शाल-श्रीफळ स्वीकारून झाल्यावर, आपल्यापैकी कोणी ना कोणी एक ठरलेले वाक्य उच्चारतो : आजच्या पिढीला सगळे झटपट हवे असते, तिला धीर नाही आणि तिची कशाशीही बांधिलकी नाही. मी अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. ही भाषणे मी नोकरीत असताना विद्यार्थ्यांच्या रांगा सरळ करीत ऐकली आणि आता निमंत्रित म्हणून पुढच्या खुर्चीवर बसून ऐकतो. तक्रार निराधार आहे असे माझे म्हणणे नाही. मात्र ती ज्यांच्याविरुद्ध केली जाते त्यांच्यापेक्षा ती जे करतात त्यांच्याकडे तिचे कारण अधिक सापडते, असे माझे मत झाले आहे. ते कुणा एकाला गाठून सांगण्याऐवजी सर्वांना एकदम सांगावे, म्हणून हे पत्र खुले ठेवले आहे.

आधी आपल्या म्हणण्यातले खरे ते मान्य करतो. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती एकामागून एक सरकवण्याची सवय लागलेल्या मुलाला दहा ओळींचा उतारा एका बैठकीत वाचणे जड जाते, हे गेल्या काही वर्षांत वर्गात उभ्या राहिलेल्या प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे. मोबाइलवरच्या पैशांच्या रमीने गावोगावची तरुण मुले इतकी नादावली होती की अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. शेअर बाजारातल्या वायदे व्यवहारांची कथा याहून वेगळी नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले, आणि त्यांचा सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये होता. त्यांत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. ही गोष्ट मुंबई-पुण्याची म्हणून सोडून देता येत नाही. पारोळा, शिरपूर किंवा शहाद्याच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले तर ‘कॉल’ आणि ‘पुट’ हे ऑप्शन्सच्या व्यवहारातले शब्द कापसाच्या भावाइतक्याच सहजतेने कानावर पडतात. बोलणाऱ्याच्या खिशात बहुधा वडिलांच्या पीककर्जातले पैसे असतात.

तेव्हा आजार आहे. प्रश्न त्याच्या निदानाचा आहे, आणि ‘झटपट’ हा शब्द निदान म्हणून पुरेसा नाही, कारण घाई हा स्वतःहून दोष नव्हे. रावेर-यावलच्या केळीकडे पाहा. कंद लावून केलेल्या बागेला घड कापणीला येईपर्यंत दीड वर्षापर्यंत वाट पाहावी लागे. ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक आल्यावर तेच पीक अकरा-बारा महिन्यांत हाती येऊ लागले. त्या शेतकऱ्याला उतावीळ म्हणून कोणी हिणवले नाही. उलट त्याचे सत्कार झाले आणि ते योग्यच झाले. वेळ वाचवण्यात काही गैर नाही. गैर तेव्हा घडते, जेव्हा माणसाला पुढच्या महिन्याबद्दल, पुढच्या वर्षाबद्दल कोणी दिलेला शब्द खरा वाटेनासा होतो आणि आज हातात पडेल तेवढेच आपले, असा हिशेब त्याच्या मनात पक्का बसतो.

या हिशेबाबद्दल मानसशास्त्रात एक प्रसिद्ध प्रयोग आहे, आणि तोही आपल्या भाषणांत वारंवार येतो. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे मार्शमॅलोसारखी मिठाई ठेवून त्यांना सांगितले की आत्ता खाल्लीस तर एक, आणि मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. जी मुले थांबली ती पुढे आयुष्यात अधिक यशस्वी झाली, असे त्यानंतरच्या पाहणीतून निघाले, आणि ‘संयम म्हणजेच यश’ हा मंत्र जगभरच्या व्यासपीठांवर पोहोचला. त्यापुढची गोष्ट मात्र व्यासपीठावर कधी येत नाही. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हाच संबंध पुन्हा तपासला तेव्हा तो मूळ अभ्यासाच्या जवळजवळ निम्माच भरला, आणि घरची परिस्थिती, आईचे शिक्षण वगैरे गोष्टी हिशेबात धरल्यावर उरलेल्यातलाही बराचसा भाग गळून पडला.

याहूनही बोलका प्रयोग रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी केला. त्याचा निबंध २०१३ मध्ये छापून आला. मिठाई पुढे ठेवण्याआधी त्यांनी मुलांना चित्र काढायला बसवले आणि सांगितले की थोडे थांबलात तर याहून चांगले रंग आणून देतो. निम्म्या मुलांना ते रंग खरोखर आणून दिले. उरलेल्या निम्म्यांना रिकाम्या हातांनी परत येऊन सांगितले की माफ करा, रंग शिल्लक नाहीत. त्यानंतर मिठाईचा प्रयोग झाला. ज्यांच्या बाबतीत मोठ्यांनी शब्द पाळला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांच्या बाबतीत तो मोडला होता ती तीन मिनिटांत हात पुढे करून मोकळी झाली. पहिल्या गटातल्या चौदांपैकी नऊ मुले शेवटपर्यंत थांबली, दुसऱ्या गटातले एकच. एकूण अठ्ठावीस मुलांचा हा लहानसा प्रयोग आहे आणि त्यावर फार मोठा इमला उभारू नये, हे मला कळते. तरीही त्यातून निघणारी शंका मला सोडत नाही. दुसऱ्या गटातल्या मुलांना संयम नव्हता असे म्हणायचे, की समोरच्या माणसाला त्यांनी अचूक ओळखले होते असे म्हणायचे?

आता हाच प्रश्न आपल्या प्रदेशाला लावून पाहा. तापीवरच्या पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्पाला नव्वदच्या दशकात मंजुरी मिळाली. त्या वर्षी जन्मलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत आणि अमळनेर, चोपडा, पारोळ्याच्या शेतकऱ्याला त्या धरणाचे पाणी अजून मिळालेले नाही. प्रत्येक निवडणुकीत त्याला ‘आता थोडेच थांबा’ असे सांगितले जाते. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाची मागणी धुळेकरांच्या किती पिढ्यांनी केली हे सांगण्याची गरज नाही. ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली २ सप्टेंबर २०२४ रोजी. स्पर्धा परीक्षेची जाहिरात आली की परीक्षा पुढे जाते, परीक्षा झाली की निकाल न्यायालयात अडकतो, निकाल लागला की नियुक्तिपत्र रखडते. गावच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत सहा-सहा, आठ-आठ वर्षे बसलेली मुले मी पाहतो. अख्ख्या खानदेशात त्यांच्याइतका धीर आणखी कोणी दाखवला असेल असे मला वाटत नाही. त्यांचा धाकटा भाऊ मात्र हे सगळे डोळ्यांनी पाहतो आणि बारावीनंतरच ठरवतो की अभ्यासिकेत बसण्यापेक्षा मोबाइलवर ट्रेडिंग केलेले बरे. त्याचा निर्णय चुकतो. पण ज्या अनुभवातून तो निघाला आहे तो अनुभव खोटा नाही.

धरण आणि रेल्वे आपल्या हातात नाहीत, असे आपण म्हणाल. मान्य. मग जे आपल्या हातात होते त्याबद्दल बोलू या.

आपल्या भागात, विशेषतः जळगाव जिल्ह्यात, पतसंस्थांचे जे झाले ते या पत्राच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. निवृत्त कारकून, शिक्षक, एसटीचे वाहक, मुलीच्या लग्नासाठी दूध विकून पैसे साठवणाऱ्या बाया, म्हणजे ज्यांनी आयुष्यभर चैन टाळून धीर धरला, नेमक्या त्याच लोकांच्या ठेवी अडकल्या. ज्यांनी मिळाले ते लगेच खर्च करून टाकले त्यांचे काही बुडाले नाही. थांबण्याची सवय असलेल्यांनाच थांबल्याचा दंड बसला, आणि हा दंड नातवंडांच्या देखत बसला. आजोबा पिशवीत ठेव पावत्या घालून तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढताना त्यांनी पाहिले आहेत. याच आजोबांना त्या पतसंस्थांकडे ओढून नेणारी जाहिरातही आठवावी : बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज आणि अमुक महिन्यांत दामदुप्पट. झटपट लाभाचे आकर्षण रीलसोबत जन्माला आलेले नाही. आपल्या पिढीने ते चांगल्या कागदावर छापून, संचालकांची छायाचित्रे लावून विकले होते.

शिक्षणसंस्थांबद्दल तर मला अधिकाराने बोलता येते. महाविद्यालयात विद्यार्थी बसत नाहीत, ही आपली नेहमीची खंत. अकरावी-बारावीचे विज्ञानाचे वर्ग अनेक ठिकाणी फक्त हजेरीपटावर भरतात, मुले प्रत्यक्षात खासगी क्लासमध्ये असतात, आणि ही व्यवस्था संस्थेच्या संमतीशिवाय चालत नाही. विद्यार्थ्याचे नाव आपल्या पटावर राहावे आणि तुकडी टिकावी यात संस्थेचाही लाभ असतो. अशा वर्गात नाव घालून दोन वर्षे काढणाऱ्या मुलाला आपण संस्थेशी निष्ठा कशी राखायची ते कोणत्या तोंडाने शिकवणार?

वरिष्ठ महाविद्यालयांत याहून कठीण चित्र आहे. सेट-नेट उत्तीर्ण झालेले, पीएच.डी. केलेले प्राध्यापक तासिका तत्त्वावर, ज्याला आपण सगळे सीएचबी म्हणतो त्या पद्धतीने, वर्षानुवर्षे शिकवत आहेत. त्यांची नियुक्ती दरवर्षी नव्याने होते, मानधन घेतलेल्या तासांपुरते मिळते, उन्हाळ्याच्या सुटीत काहीच मिळत नाही, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावणे येईल की नाही याची खात्री मे महिन्यात कोणालाही नसते. शासन पदे भरू देत नाही, ‘ना हरकत’ मिळत नाही, हे आपले उत्तर मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्य आहे. परंतु जिथे परवानगी मिळाली तिथे पद कसे भरले गेले, त्यासाठी उमेदवाराच्या बापाला किती बिघे विकावे लागले, ही चर्चा ज्या गावांत होते त्याच गावांत आपली संमेलने भरतात. ज्या शिक्षकाला पुढच्या जूनची खात्री नाही तो विद्यार्थ्याला म्हणतो की पाच वर्षांचे नियोजन कर. विद्यार्थी त्याच्याकडे पाहतो आणि नम्रपणे मान डोलावतो.

यावर ‘पूर्वीची माणसे कशी शब्दाला जागत’ असे कोणी म्हणाले तर त्या आठवणीही थोड्या तपासून घ्याव्या लागतील. खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, साल आखाजीला ठरत असे आणि पुढच्या आखाजीला संपे. अक्षय तृतीयेच्या दिवशी मालक आणि सालदार यांच्यात बोलणी होत, धान्य, कपडे आणि रोख किती ते ठरे, आणि त्यानंतर वर्षभर दोघेही बांधलेले असत. कागद क्वचितच होई. ऐकायला ही गोष्ट फार सुंदर वाटते. पण सालदाराच्या डोक्यावर आधीच घेतलेली उचल असे, ती फिटली नाही तर पुढचे साल त्याच दारात घालवावे लागे, आणि ‘निष्ठावान’ म्हणून त्याचे कौतुक मालकच करी. तीच गोष्ट संसाराची. सासरी कितीही छळ झाला तरी माहेरी परत न येणारी लेक आपल्याकडे बांधिलकीचा आदर्श मानली गेली, कारण तिला परत येण्याची वाट आपणच ठेवली नव्हती. आज सालदार मिळत नाही आणि मुली कोर्टाची पायरी चढतात, याचे सगळे खापर उतावीळपणावर फोडणे मला पटत नाही. ज्यांना सोडून जाता येत नव्हते त्यांच्या थांबण्याला बांधिलकी म्हणून मिरवण्यात आपण फार वर्षे घालवली आहेत.

मग सक्तीशिवाय टिकणारी बांधिलकी आपल्या मातीत कधी होती का? होती, आणि तिच्याबद्दल आपण भाषणांत एक शब्दही बोलत नाही याचे मला आश्चर्य वाटते. साक्री-धुळे भागातली पांझरा आणि शेजारच्या बागलाणातल्या मोसम, आरम या नद्यांच्या काठची फड पद्धती तीन-चारशे वर्षे चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठाले फड, आणि कोणत्या वर्षी कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात गहू-हरभरा, कोणता फड मोकळा ठेवायचा, हे ठरवणारी खातेदारांची बैठक. एकेकट्या शेतकऱ्याला आपल्या मर्जीने पीक घेता येत नसे. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत थोडी थोडी विभागलेली असल्यामुळे यंदा आपल्या एका तुकड्याला ऊस मिळाला नाही तर दुसऱ्या फडातल्या तुकड्याला मिळे, किंवा पुढच्या पाळीला इथेच येई. पाणी सोडायला पाटकरी, पिकाला द्यायला बारेकरी, राखणीला जागल्या आणि या सगळ्यांवर हवालदार. पावसाळ्यापूर्वी पाटातला गाळ काढायला प्रत्येक घरातून माणूस गेलाच पाहिजे, आणि नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे क्षेत्र सर्वांचे मिळून कमी करायचे.

या व्यवस्थेचा अभ्यास करणारे तिच्यातल्या पाणीवाटपाबद्दल बोलतात; मला शिक्षक म्हणून तिच्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. फडातल्या शेतकऱ्याचा स्वभाव आजच्या शेतकऱ्यापेक्षा अधिक संयमी होता असे मानायला काहीही आधार नाही. लोभ होताच, भांडणे होत, रात्री पाट फोडणारेही होते. जागल्या उगाच नेमला जात नव्हता. तरीही तो आपल्या पाळीसाठी एक-दोन वर्षे थांबे, कारण त्याची पाळी येईल हे त्याने बापाच्या आणि आजाच्या वेळेपासून पाहिलेले होते, आणि पाळी ठरवणाऱ्याच्या स्वतःच्या शेतालाही तोच नियम लागू होता. त्याचे थांबणे हा साधा व्यवहार होता. त्यासाठी त्याला कोणी संयमाचे धडे द्यावे लागत नव्हते. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याच्याकडे पंप त्याला बैठकीची गरज उरली नाही, आणि बंधारे शाबूत असूनही कितीतरी फड विस्कटले. ज्या दिवशी पहिल्या खातेदाराला कळले की बैठकीला न बसताही आपल्याला ऊस लावता येतो, त्या दिवशी उरलेल्यांच्या थांबण्याला अर्थ राहिला नाही. नवी पिढी बिघडली म्हणून फड मोडले, असे त्या काळातही कोणी तरी म्हणाले असेलच.

अशी बांधिलकी आजही शून्यातून उभी राहू शकते, हे साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने दाखवले आहे. उजाड झालेले जंगल राखण्याचे काम तिथल्या आदिवासी गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी हाती घेतले, कुऱ्हाडबंदीचे आणि दंडाचे नियम स्वतः ठरवले आणि स्वतःवर आधी लागू केले. तीस वर्षांनंतर त्या जंगलातल्या रानभाज्यांची स्पर्धा पाहायला बाहेरचे लोक येतात. या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्यांचे सत्कार घडवून आणले. त्या सत्कारांत जंगलाविषयी पुष्कळ बोलले गेले. नियम करणाऱ्याने तो आधी स्वतः पाळला, या त्यातल्या मुख्य गोष्टीविषयी मी तरी फारसे काही ऐकले नाही.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करतो, कारण तो आपल्या पदांशी संबंधित आहे. एकाच खुर्चीवर तीस वर्षे बसणे म्हणजे संस्थेशी बांधिलकी, असे आपल्याकडे मानले जाते आणि तसे मानपत्रात छापलेही जाते. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० अशी जेमतेम सहा वर्षे शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते रोज हस्तलिखित दैनिक काढत, आणि सत्याग्रहाची हाक आली तेव्हा नोकरी सोडून गेले. शंभर वर्षांनंतरही ती शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाते. इतिहासाचार्य राजवाडे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभारणाऱ्यांपैकी एक होते. मतभेद झाल्यावर ते तिथून बाहेर पडले आणि अखेरीस धुळ्यात येऊन राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले आणि पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या दप्तरासाठी संशोधन मंडळ स्थापन केले, ते आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. या दोघांनीही जागा सोडल्या, काम सोडले नाही. आपल्या अनेक संस्थांत याच्या नेमके उलट घडलेले दिसते. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण मानपत्रांचा मजकूर अनेकदा मीच तपासून दिलेला असल्यामुळे त्याची किंमत मला माहीत आहे.

आता माझ्या विनंत्या. पहिली विनंती साधी आहे आणि तिला शासनाची परवानगी लागत नाही. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, आणि शिक्षणसंस्थांचे वार्षिक अहवालही निघतात. त्या अहवालाच्या पहिल्या पानावर, संस्थापकांच्या छायाचित्राच्या जागी, मागच्या वर्षी आपण जाहीर केलेल्या गोष्टी आणि त्यांपैकी प्रत्येकीचे काय झाले हे छापावे. वसतिगृहाची दुसरी इमारत, गरीब विद्यार्थ्यांची फी-माफी, अडकलेल्या ठेवींचा हप्ता, प्रयोगशाळा, जे म्हटले असेल ते. झाले नसेल तर झाले नाही असे लिहावे आणि कारण लिहावे. सभासदांना कारण पटते. मौन पटत नाही.

दुसरी विनंती तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांसाठी आहे. त्यांना कायम करणे आपल्या हातात नसेल, परंतु पुढच्या वर्षी बोलावणार की नाही हे एप्रिल अखेरपर्यंत लेखी कळवणे, ठरलेल्या तारखेला मानधन देणे आणि ते शासनाकडून उशिरा आले तर तोवर संस्थेच्या निधीतून उचल देणे, हे निश्चितच आपल्या हातात आहे. ज्या संस्थेला सुवर्णमहोत्सवी प्रवेशद्वार बांधता येते तिला एवढे जमू नये, हे मला खरे वाटत नाही.

तिसरी विनंती विद्यार्थ्यांना खरे दीर्घ पल्ल्याचे काम देण्याची. धीर धरा असे सांगून धीर येत नाही. ज्याचे फळ उशिरा येते पण येते, असे काही त्यांच्या हातून घडू द्यावे लागते. असे काम आपल्या दारात आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपड्याच्या पट्ट्यात केळीसाठी विहिरी आणि कूपनलिका सतत खोल जात आहेत. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तापी खोऱ्यातल्या महाकाय पुनर्भरण योजनेचा करार झाला. ती योजना कधी पूर्ण होईल ते मी सांगू शकत नाही, आणि पाडळशाचा अनुभव पाहता कोणी सांगितले तरी लगेच विश्वास ठेवणार नाही. परंतु त्या पट्ट्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातल्या वीस-पंचवीस विहिरी निवडून त्यांची पाणीपातळी दरवर्षी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात मोजायची, असे ठरवले तर त्यासाठी एक मोजपट्टी, एक नोंदवही आणि भूगोलाचा एक शिक्षक पुरतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतातच. त्यांच्या नोंदींशी आपल्या नोंदी ताडून पाहता येतील, आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने या कामाला श्रेयांक दिले तर विद्यार्थी ते टाळणारही नाहीत. पहिल्या तुकडीला त्या आकड्यांतून काही कळणार नाही. सातव्या-आठव्या तुकडीला कळू लागेल की आपल्या गावची विहीर दरवर्षी किती हात खाली चालली आहे किंवा कुठल्या नाल्यावर बंधारा झाल्यापासून ती सावरली आहे. तोवर पहिल्या तुकडीतली मुले बागाईतदार झालेली असतील, आणि नोंदवही बघायला तीच सर्वांत आधी येतील.

या कामात मोठा धोका विद्यार्थ्यांच्या कंटाळ्याचा नाही. अध्यक्ष बदलला, प्राचार्य बदलले, भूगोलाच्या सीएचबी शिक्षकाला जूनमध्ये परत बोलावले नाही, आणि वही कपाटात राहून कपाट भंगारात गेले, असे होण्याचा आहे. म्हणून ज्या संस्थेला हे सुरू करायचे असेल तिने कार्यकारिणीचा ठराव करून त्यात पुढची दहा वर्षे जबाबदार राहणाऱ्या पदाचा उल्लेख करावा, व्यक्तीचा नव्हे, आणि ठरावाची प्रत सूचनाफलकावर लावावी. तसा ठराव करणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयाला पहिल्या मे महिन्याच्या मोजणीसाठी माझ्यासारखे निवृत्त शिक्षक आनंदाने मदत करतील. आमच्या प्रवासखर्चाची आणि सत्काराची तरतूद करू नये, तेवढ्या पैशांत आणखी दोन मोजपट्ट्या घ्याव्यात.

आपला नम्र,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक
तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव